प्रत्येक मालास स्वतःचे पान
जालावरील दुकानाविषयी एक अनुभवसिद्ध अभ्यास

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा धान्याच्या बाजारपेठेविषयी लिहावे असे आमच्या मनात प्रथम आले. परंतु बाजारभावाचे लिखाण स्मरणिका छापून हाती येईपर्यंत शिळे होते. म्हणून ज्या विषयात गेल्या काही वर्षांत आम्हांस स्वतःस ठेच लागली, आणि ज्याचा उपयोग धान्य, कापड, भांडी, मसाले अशा कोणत्याही धंद्यातील बंधूंस होऊ शकेल, तो विषय निवडला. जालावरील दुकानात प्रत्येक मालास स्वतंत्र पान द्यावे, की सर्व माल एकाच पानावर मांडावा, हा तो प्रश्न होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य पोत्यांच्या सहवासात गेलेले. संगणकशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही. जे पदरमोड करून शिकलो तेवढेच येथे सांगत आहोत.

१. रोजमेळ आणि खतावणी

ज्यांनी वाडवडिलांच्या हाताखाली गादीवर बसून नामे-जमा लिहिण्याचे शिक्षण घेतले, त्यांस रोजमेळ व खतावणी यांतील भेद नव्याने सांगावयास नको. तथापि तरुण पिढीसाठी तो थोडक्यात सांगतो. दिवसभरात जे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने ते रोजमेळात उतरतात. अमुक आसामीकडे आपले किती येणे आहे असे कोणी विचारले, तर केवळ रोजमेळावरून उत्तर देण्यास वर्षाची पाने चाळावी लागतील. म्हणून आपल्या पूर्वजांनी खतावणी निर्माण केली. तीत प्रत्येक आसामीस स्वतःचे पान असते, पानाच्या माथ्यावर तिचे नाव असते, वहीच्या आरंभी अनुक्रमणिका असते आणि रोजमेळातील प्रत्येक नोंदीसमोर खाते पानाचा आकडा टाकलेला असतो. मुनीम कितीही नवखा असला तरी नाव सांगताच तो नेमके पान उघडतो.

जालावरील ज्या दुकानात चाळीस जिनसा एकाच पानावर एकाखाली एक लावलेल्या असतात ते दुकान म्हणजे रोजमेळ होय. ज्या दुकानात प्रत्येक जिनसेस वेगळे पान, वेगळा पत्ता व वेगळा मथळा असतो ते खतावणी होय. आणि गूगलसारखे शोधयंत्र हे त्या नवख्या मुनिमासारखे आहे. त्यास आपली पेढी, आपला स्वभाव, आपली तीन पिढ्यांची पत यांतील काहीही ठाऊक नसते. त्याच्या हाती जसे पान द्यावे तसेच ते गिऱ्हाइकापुढे ठेवते. एवढी एक गोष्ट मनात पक्की झाली म्हणजे पुढील सर्व विवेचन आपोआप उलगडेल.

२. आमची चूक

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. घाऊक पेठ मंदावली आणि घरोघरच्या मागण्या दूरध्वनीवरून येऊ लागल्या. त्याच पावसाळ्यात आम्ही एका गृहस्थांकडून आमच्या बेळगावच्या पेढीचे संकेतस्थळ करवून घेतले. दिसावयास ते फार देखणे होते. एकाच लांब पानावर अडतीस जिनसांची छोटी चित्रे मांडलेली होती. चित्रावर बोट ठेवले की एक चौकट उघडे, तीत भाव व वजन दिसे, आणि पुन्हा बोट लावले की ती मिटे. आम्ही समाधानाने पैसे चुकते केले.

दीड वर्ष लोटले. ज्यांस आम्ही स्वतः पत्ता कळविला होता त्यांच्याच मागण्या त्या मार्गाने येत राहिल्या. अनोळखी गिऱ्हाईक एकही आले नाही. आम्ही मनाशी म्हटले, धान्य ही जालावर विकण्याची वस्तूच नव्हे.

पुढे २०२२ साली एका लग्नाच्या निमित्ताने पुण्यास स्थायिक झालेले एक कुटुंब बेळगावास आले होते. आमच्या आजोबांच्या काळापासूनचे हे गिऱ्हाईक. घरातील वडीलधाऱ्या बाई पेढीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही घनसाळ ठेवायचं बंद केलंत होय? मुलानं मोबाइलवर पुष्कळ शोधलं. शेवटी दुसरीकडून मागवला. वास नाही, चव नाही, तो घनसाळच नव्हता. सासूबाईंच्या श्राद्धाला तोच भात करावा लागला."

त्या दिवशी आमच्या वखारीत आजऱ्याच्या घनसाळाची चार पोती पडून होती, आणि आमच्या संकेतस्थळावर तो एकतिसाव्या क्रमांकावर नोंदलेलाही होता. ते ऐकून आम्हांस जी लाज वाटली ती मालाचा सौदा फिसकटल्याची नव्हती. तीन पिढ्या ज्या घरास आम्ही तांदूळ पुरविला, त्या घरास ऐन वेळी आम्ही सापडलो नाही, ही गोष्ट मनास लागली.

त्या रात्री चिरंजीवांस जवळ बसवून आम्ही शोध घेतला. आमच्या पेढीचे नाव लिहिताच आमचे संकेतस्थळ पहिल्या ओळीत आले. 'आजरा घनसाळ तांदूळ' असे लिहिले, तर पाने उलटून दमलो तरी आमचा मागमूस लागेना. तेव्हा खरा दोष ध्यानात आला. शोधयंत्रास पेढी ठाऊक होती, पेढीतील माल ठाऊक नव्हता. ज्यास पेढीचे नाव माहीत आहे तो कसाही आपल्यापर्यंत पोहोचतो. ज्यास ते माहीत नाही, त्यास केवळ मालाचे नाव माहीत असते. नवे गिऱ्हाईक मालाच्या नावानेच दार ठोठावते, आणि त्या नावाचे दारच आम्ही ठेवले नव्हते.

३. शोधयंत्राचे तीन व्यवहार

गूगल ही कंपनी १९९८ साली स्थापन झाली. तिचे व तिच्यासारख्या इतर शोधयंत्रांचे काम तीन व्यवहारांत सांगता येते.

पहिला व्यवहार भ्रमणाचा. यंत्राचे दूत एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने फिरत असतात. जेथे दुवा नाही तेथे ते सहसा पोहोचत नाहीत. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हे दूत वाट चालतात, पण बोट लावून चौकटी उघडीत बसत नाहीत. चित्रावर बोट ठेवल्यावरच जो मजकूर मागविला जातो, तो त्यांच्या दृष्टीस पडत नाही. आमच्या अडतीस जिनसांचे वर्णन अशाच चौकटींत कोंडलेले होते.

दुसरा व्यवहार नोंदीचा. जे पान दिसले त्यातील शब्द, मथळा, चित्रांची नावे, दुवे इत्यादींची नोंद यंत्राच्या सूचीत होते. ही नोंद दुकानाची नसून पानाची असते. एक पत्ता म्हणजे एक पान, आणि एक पान म्हणजे एक नोंद. कित्येक संकेतस्थळांवर जिन्नस बदलला की पत्त्याच्या शेवटी फुलीच्या चौकटीसारखे एक चिन्ह, ज्यास हॅश म्हणतात, ते लागून पुढे मालाचे नाव येते. डोळ्यांस तो निराळा पत्ता भासतो. परंतु शोधयंत्र सामान्यतः त्या चिन्हापुढील भाग सोडून देते आणि सर्व एकच पान समजते. या फसव्या पत्त्यापासून सावध राहावे.

तिसरा व्यवहार क्रमाचा. कोणी काही विचारले की त्या प्रश्नास अधिकांत अधिक जुळणारी पाने यंत्र क्रमाने मांडते. क्रम ठरविण्याची त्याची रीत गुंतागुंतीची असून ती सारखी बदलत असते. पण एक तत्त्व व्यवहारी माणसास सहज पटेल. ज्या पानाचा मथळा, मजकूर, चित्र व भाव हे सर्व घनसाळाविषयी आहेत, ते पान घनसाळाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्या पानावर अडतीस जिनसांत घनसाळाचा एकदा उच्चार आहे, ते पान कोणत्याच प्रश्नाचे पुरे उत्तर नाही.

अलीकडे शोधयंत्रे प्रश्नाचे उत्तर स्वतःच रचून वरच्या बाजूस दाखवू लागली आहेत. त्या उत्तरासाठीही ती पानेच वाचतात. म्हणून रीत बदलली तरी स्पष्ट पानाची गरज संपलेली नाही.

४. पानावर काय असावे

स्वतंत्र पान म्हणजे नुसते नाव व भाव लिहिलेला कोरा कागद नव्हे. आमच्या घरी पानासाठी जे टाचण तयार झाले ते येथे देतो.

मथळा : आधी मालाचे पूर्ण नाव, मग वजन किंवा प्रकार, शेवटी पेढीचे नाव. आमच्या पहिल्या पानाचा मथळा पेढीच्या नावाने सुरू होऊन 'घाऊक धान्याचे व्यापारी' या शब्दांनी संपत होता. त्यात एकाही धान्याचे नाव नव्हते. मथळा फार लांबविल्यास शोधाच्या यादीत तो मध्येच तुटतो, म्हणून महत्त्वाचे शब्द प्रारंभी असावेत.

पत्ता : आटोपशीर व वाचता येईल असा असावा. देवनागरीत पत्ता ठेवता येतो. पण तो नक्कल करून दुसऱ्यास पाठविताना बहुधा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. यास्तव आम्ही पत्ते रोमन लिपीत ठेवले आणि मजकूर मराठीत ठेवला.

वर्णन : हे स्वतःच्या शब्दांत असावे. गिरणीने किंवा कारखान्याने दिलेला परिच्छेद जशाचा तसा उतरवून घेतल्यास तोच मजकूर शंभर दुकानांत सापडतो, मग यंत्राने आपलेच पान पुढे का करावे? आमच्या घरी हे काम सूनबाईंनी अंगावर घेतले. त्यांनी प्रत्येक तांदूळ घरी शिजवून पाहिला आणि पाणी किती लागते, भात मोकळा होतो की चिकट, नवा तांदूळ व जुना तांदूळ यांत फरक काय, कोणता तांदूळ कोणत्या पक्वान्नास योग्य, हे लिहून काढले. डाळींची पानेही त्यांनी याच रीतीने सिद्ध केली. पन्नास वर्षे तांदूळ विकून आम्हांस जे सांगता आले नसते ते त्यांनी सांगितले. ज्या घरांत माताभगिनींचा धंद्याशी संबंध येत नाही, त्यांनी या कामाचा अवश्य विचार करावा.

नावे : आपला प्रदेश बहुभाषिक आहे. ज्वारीस कोणी शाळू म्हणून विचारतो, कोणी जोळ म्हणून विचारतो. तुरीच्या डाळीस कन्नड घरात तोगरी बेळे म्हणतात. गोव्याचे गिऱ्हाईक उकडे तांदूळ मागते. ही सारी नावे वर्णनात सहज ओघाने यावीत. पण एकच शब्द वीस वेळा कोंबून भरू नये. पूर्वी काही लोक तसे करीत. आता शोधयंत्रे तो लबाडीचा प्रकार मानतात, आणि वाचणाऱ्या माणसासही त्याचा वीट येतो.

चित्र : स्वतःच्या मालाचे, दिवसाच्या उजेडात काढलेले असावे, व त्यास मालाचे नाव शब्दांत जोडलेले असावे. भावपत्रकाचा फोटो काढून तोच लावण्याची रीत आपल्याकडे फार आहे. चित्रातील अक्षरांवर यंत्राने विसंबावे अशी अपेक्षा करू नये. भाव व वजन अक्षरांत लिहावे.

कायद्याचा मजकूर : आवेष्टित माल जालावर विकताना बांधणाऱ्याचे नाव व पत्ता, मालाचे सामान्य नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत इत्यादी माहिती दाखविणे वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांतील दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे. अन्नपदार्थांच्या व्यापाऱ्याने आपला चौदा आकडी अन्न सुरक्षा परवाना क्रमांकही द्यावा. प्रत्येक मालास वेगळे पान असले म्हणजे ही माहिती ज्याची त्याच्या जागी नीट बसते. अडतीस जिनसांच्या एका पानावर ती धड मावतही नाही.

यंत्रासाठीची चिठ्ठी : २०११ साली गूगल, याहू व बिंग यांनी मिळून स्कीमा नावाची एक सामाईक परिभाषा सुरू केली. तिच्या आधारे पानाच्या पोटात मालाचे नाव, किंमत, चलन, शिल्लक आहे की नाही, हे यंत्रास समजेल अशा ठराविक रीतीने लिहिता येते. दुकानात धान्याच्या ढिगात आपण भावाची पाटी रोवतो, तसाच हा प्रकार आहे. संकेतस्थळ करणाऱ्याकडून हे मुद्दाम मागून घ्यावे. मात्र चिठ्ठीतील भाव व पानावरील भाव एकच असला पाहिजे.

५. किती पाने करावीत

येथे उत्साहाच्या भरात दुसरी चूक होते. आमच्या चिरंजीवांनी प्रथम घनसाळ एक किलो, घनसाळ पाच किलो, घनसाळ दहा किलो अशी तीन पाने केली. मजकूर तोच, केवळ वजन निराळे. अशी जुळी पाने यंत्रास गोंधळात टाकतात. कोणते पुढे करावे हे त्यास कळत नाही, आणि पानांची शक्ती विभागली जाते.

आम्ही यासाठी एक साधा नियम ठरविला आहे. गिऱ्हाईक ज्या मालास निराळ्या नावाने विचारते, त्यास निराळे पान द्यावे. जो भेद ते माल ठरल्यानंतर सांगते, तो त्याच पानावर निवडीसाठी ठेवावा. आंबेमोहर व इंद्रायणी हे दोन प्रश्न आहेत, म्हणून दोन पाने. इंद्रायणी पाच किलो व इंद्रायणी दहा किलो हा एकच प्रश्न आहे, म्हणून एक पान. कापडाच्या धंद्यात साडीचा प्रकार हे पान, रंग ही निवड. भांड्यांच्या धंद्यात कुकर हे पान, लिटरचे माप ही निवड.

काही कारणाने जुळी पाने ठेवणे भागच असेल, तर त्यांतील मुख्य कोणते हे यंत्रास सांगण्याची सोय आहे. तिला कॅनॉनिकल दुवा म्हणतात. ती शोधयंत्रांनी २००९ साली मान्य केली. संकेतस्थळ करणाऱ्यास हा शब्द सांगितला की तो समजतो.

६. माल संपला म्हणजे

धान्य हा हंगामी माल. २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्याकडील घनसाळ संपला, तेव्हा चिरंजीवांनी ते पान काढून टाकले. सुगी होऊन नवा माल आला तेव्हा नव्या सालाचे नाव देऊन नव्या पत्त्यावर नवे पान केले. परिणाम असा झाला, की वर्षभरात जुन्या पानाने जी ओळख कमावली होती ती बुडाली. ज्यांनी जुना पत्ता मोबाइलमध्ये जपून ठेवला होता त्यांस 'पान सापडत नाही' असे उत्तर मिळू लागले. पहिल्या चुकीचा दोष आम्ही दुसऱ्याच्या माथी मारू शकत होतो. ही चूक सर्वस्वी आमच्या घरची होती.

खतावणीत आसामीचे खाते निरंक झाले म्हणून आपण पान फाडीत नाही. हाच न्याय येथे लावावा. हंगामी मालाचे पान कायम ठेवावे, त्यावर 'सध्या शिल्लक नाही, नवा माल सुगीनंतर येईल' असे स्पष्ट लिहावे, यंत्रासाठीच्या चिठ्ठीतही तशी नोंद करावी, आणि पत्त्यात साल घालू नये. पीक कोणत्या सालचे हे मजकुरात लिहावे. माल कायमचा बंद झाला असून त्याची जागा दुसऱ्या मालाने घेतली असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे वळण द्यावे. यास ३०१ क्रमांकाचे वळण म्हणतात. ज्याची जागा घेणारे काहीच नाही ते पान रीतसर बंद करावे. प्रत्येक बंद पानास मुखपृष्ठाकडे वळवून ठेवणे हा गिऱ्हाइकास भलत्याच दुकानात आणून सोडण्याचा प्रकार होय.

७. पानांची जोडणी

नुसती पाने करून भागत नाही. अनुक्रमणिका नसलेल्या खतावणीचा काय उपयोग? मुखपृष्ठावरून तांदूळ, डाळी, भरड धान्ये अशा विभागांकडे, विभागाच्या पानावरून प्रत्येक मालाकडे, आणि एका मालावरून त्याच्या जवळच्या मालाकडे दुवे असावेत. रोजमेळात आपण जसे खाते पान टाकतो, तसेच हे दुवे होत. ज्या पानाकडे कोठूनही वाट येत नाही ते पान अनाथ राहते.

याखेरीज साइटमॅप नावाची सर्व पत्त्यांची एक यादी यंत्रास देता येते. एका यादीत पन्नास हजारांपर्यंत पत्ते मावतात. आपल्यासारख्यांस एक यादी जन्मभर पुरेल. गूगलचे सर्च कन्सोल हे साधन विनामूल्य असून, यादी तेथे दाखल करावी. कोणते पान सूचीत घेतले गेले, कोणत्या शब्दांनी लोक कोणत्या पानावर आले, हे तेथे दिसते. सर्व माल एका पानावर असताना कोणत्या जिनसेस मागणी आहे हे कळण्यास मार्गच नव्हता. आता ज्या डाळीचे पान लोक पाहतात पण खरेदी करीत नाहीत, तिच्या भावाचा आम्ही फेरविचार करतो. पाने मोबाइलवर नीट दिसतात की नाही हेही तपासावे, कारण गूगल आता पानाचे मोबाइलवरील रूपच प्रमाण मानते.

८. काही शंका

'धान्याचे भाव रोज बदलतात, पाने कशी बदलावीत?' अशी शंका अनेक बंधू घेतात. भाव एकाच कोष्टकात लिहावेत व पानांनी ते तेथून उचलावेत, अशी रचना करवून घ्यावी. घाऊक पोत्यांसाठी 'भाव विचारावा' एवढे लिहून दूरध्वनी क्रमांक दिला तरी चालते.

'मोठ्या बाजार-संस्थांच्या संकेतस्थळांवर आपला माल आहेच, मग वेगळे दुकान कशास?' त्या संस्था प्रत्येक मालास स्वतंत्र पान देतात, यावरूनच या रीतीचे महत्त्व दिसते. परंतु ते पान त्यांचे असते. उद्या त्यांनी ते मिटविले तर आपल्या हाती काही राहत नाही. तेथेही विकावे, पण स्वतःची खतावणी स्वतःच्या घरी असावी.

'महिन्याभरात पहिला क्रमांक मिळवून देतो' असे दूरध्वनीवरून सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. जाहिरातीची जागा पैशाने मिळते, पण शोधाच्या नैसर्गिक क्रमातील पहिल्या जागेची हमी कोणीही देऊ शकत नाही. अशा माणसास नम्रपणे निरोप द्यावा.

'छोट्या पेढीस मोठ्यांपुढे जागा कशी मिळणार?' नुसत्या 'तांदूळ' या शब्दावर आम्हांस जागा मिळाली नाही, आणि मिळणारही नाही. परंतु नेमक्या मालाचे, नेमक्या गावचे नाव घेऊन विचारणाऱ्यापुढे छोटी पेढीही उभी राहू शकते, कारण त्या मालाविषयी तिच्याइतके नीट कोणी लिहिलेले नसते.

९. सत्याची बाजू

आणखी एक गोष्ट कर्तव्य म्हणून सांगतो. आजरा घनसाळ व मंगळवेढ्याची ज्वारी यांस २०१६ साली, तर गुलबर्गा तूर डाळीस २०१९ साली भौगोलिक संकेताची नोंदणी मिळाली. ही नावे म्हणजे त्या त्या भागातील शेतकऱ्यांची मिळकत होय. जेथे नावाप्रमाणे माल नाही, तेथे ते नाव मथळ्यात घालून शोधणाऱ्यास खेचून आणणे हा नमुना एक दाखवून माल दुसरा देण्याचाच प्रकार आहे. आपल्या अणुव्रतांच्या विवेचनात यास प्रतिरूपक व्यवहार असे नाव असून, तो अचौर्यव्रताचा अतिचार मानला आहे. पान जितके सुंदर तितका खोटेपणाचा मोह मोठा. ज्या पुण्याच्या घरास श्राद्धाच्या दिवशी खोटा घनसाळ शिजवावा लागला, त्या घराचे स्मरण आम्ही प्रत्येक पान लिहिताना ठेवतो.

१०. उपसंहार

२०२२ च्या दिवाळीपूर्वी आम्ही पहिली सहा पाने तयार केली. सुमारे अडीच महिन्यांनी घनसाळाचे पान शोधात दिसू लागले. आमच्या पेढीचे नावही कधी न ऐकलेल्या ठाण्याच्या एका गृहस्थांची पाच किलोची मागणी आली. त्या मागणीतील नफा बारदान व टपालातच गेला. तरी ती चिठ्ठी आम्ही गल्ल्यात जपून ठेवली आहे. पुढे सर्व अडतीस जिनसांची पाने झाली. आज त्या मार्गाने होणारी विक्री आमच्या घाऊक उलाढालीपुढे अल्पच आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु जो माल थोड्यांनाच हवा असतो, ज्याच्यासाठी पेठेत रोज गिऱ्हाईक येत नाही, तोच या पानांमुळे खपू लागला आहे. पूर्वी चार पोती घनसाळ घेताना आम्ही दहादा विचार करीत होतो. आता आजऱ्याच्या शेतकऱ्यास आम्ही सुगीपूर्वी शब्द देऊ शकतो. चिरंजीवही पेढी सोडून नोकरी करण्याची भाषा हल्ली काढीत नाहीत.

नव्याने आरंभ करणाऱ्या बंधूंनी एकदम सर्व माल घेऊन बसू नये. आपल्या पेढीची जी विशेष ओळख आहे अशा पाच जिनसा निवडाव्यात, त्यांची पाच पाने मनापासून लिहावीत, आणि तीन-चार महिने धीर धरावा. संघाच्या ज्या सभासदांस आमची पाने पाहावयाची असतील, किंवा टाचणाची प्रत हवी असेल, त्यांनी दुपारी तीननंतर पेढीवर यावे. सूनबाई व चिरंजीव दोघेही सर्व समजावून सांगतील. पुण्याच्या त्या बाईंस पानाचा पत्ता आम्ही स्वतः कळविला नाही. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाने तो शोधून काढला आणि श्राद्धाच्या आठ दिवस आधी घनसाळ मागविला.

लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास, आपल्या बिलाच्या तळाशी आपण जे लिहितो तेच येथेही समजावे : चूकभूल द्यावी घ्यावी.